व्याकरणाची रोजची सराववही: वही मस्त, मार्कांचा तक्ता बेक्कार

लेकीच्या चौथीच्या वर्गात यंदा रोजची व्याकरण सराववही लावलीये, आम्हाला एमजी रोडला 140 रुपयांत मिळाली. प्रकाशनाचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको, पण इंदिरानगरच्या दोघीतिघींनी कशी आहे म्हणून विचारलं तर एकदाच सविस्तर लिहिते.

आठवड्याला एकच वाक्य असतं. सोमवारी शब्दांच्या जाती, मंगळवारी लिंग वचन विभक्ती, बुधवारी काळ, गुरुवारी शुद्धलेखन आणि विरामचिन्हं, शुक्रवारी तेच वाक्य बदलून लिहायचं. दहा मिनिटांचं काम. हे मला जाम आवडलं, कारण गाइडातल्या रिकाम्या जागा पोरं शेजारच्याचं बघून भरतात आणि विसरतात, इथे एकच वाक्य पाच दिवस समोर असतं त्यामुळे डोक्यात बसतं. कागद जाड आहे, पेन मागे उमटत नाही.

बोंब आहे ती मार्कांची. रोज 2 मार्क, आठवड्याचे 10, आणि शेवटच्या पानावर श्रेणीचा तक्ता, 91 च्या पुढे अ-1, 81 ते 90 अ-2 वगैरे, म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकातलाच जसाच्या तसा उचललाय. आता गंमत बघा, दहापैकी नऊ मिळाले की झाले 90 टक्के, म्हणजे अ-2! पूर्ण आठवड्यात एक मार्क गेला की अ-1 गेलं. सरावाला कोण अशी श्रेणी लावतं?

मागच्या आठवड्याचं वाक्य होतं, आजीने मुलांना गोड द्राक्षे दिली. लेकीने सोमवारी 'गोड' खाली नाम लिहिलं. घरी आपण "जेवणात गोड काय केलंय" असंच म्हणतो ना, तिथे ते नामासारखंच वाटतं, मग पोरगी चुकणारच, आणि खरं तर तिने डोकं चालवलंय. पण या वाक्यात ते विशेषण, म्हणून वहीच्या हिशोबाने अर्धा मार्क कट. मंगळवारी नामांचं लिंग वचन लिहायचं तर तिने गोडचंही लिहिलं, परत अर्धा कट, म्हणजे एकाच चुकीची दोनदा शिक्षा. वर 'मुलांना' ला तिने द्वितीया लिहिलं, उत्तरसूचीत चतुर्थी. बरोबर चतुर्थीच आहे, देण्याचा अर्थ आहे म्हणून, पण स ला ते, स ला ना ते हे प्रत्यय दोन्हीकडे सारखेच, नऊ वर्षांच्या पोराला नुसती फुली मारून ते कसं कळणार?

आमच्या बाई मात्र हुशार निघाल्या. पालकसभेत सरळ म्हणाल्या, "सोमवार ते गुरुवार मी मार्क देतच नाहीये ताई, चुकलं की फक्त खाली रेघ मारते, फळ्यावर बोलतो आम्ही आणि मुलं हिरव्या पेनने स्वतः दुरुस्त करतात." मार्क फक्त शुक्रवारी, तेही बदलून लिहिलेल्या वाक्यावर. पटलं मला. तसंही आपल्याकडे महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, तिसरी चौथीला आकारिकचे 60 टक्के आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, 40, आणि आकारिक म्हणजे शिकता शिकता कुठे अडतंय ते बघणं, रोजची छोटी परीक्षा नव्हे. एका आईने विचारलं की मार्क नसतील तर पोरं करतील का, तर बाई म्हणाल्या हिरवं पेन दिसलं नाही की मी वही परत देते. बस्स.

फरक दिसतोय. 'मूलांना' लिहायची, गुरुवारी स्वतःच हिरव्याने 'मुलांना' केलं आणि मला सांगते, प्रत्यय लागला की मूलचा मू ऱ्हस्व होतो. शुक्रवारी वर्तमानकाळ करताना 'आजीने देते' असं लिहून थांबली, दोनदा वाचलं, मग ने खोडला.

अजून एक तक्रार, उत्तरसूची वहीतच मागे चिकटवलेली आहे, सुटी होत नाही. आम्ही ब्लेडने कापून काढली, तक्त्याचं पानही त्यातच गेलं.

वहीला साडेतीन स्टार. शाळेत रोजचे मार्क धरत असतील तर बाईंशी आधी बोलून घ्या, आणि घरी करून घेणार असाल तर तिसरीच्या पोरासाठी घेऊ नका, विभक्तीशी अडखळतं.