छोटी चौकट की पानभर लाल इशारा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी बिलं काढत असतात. ‘या प्रोग्रामला संगणकात बदल करू द्यायचे का?’ अशी चौकट येते आणि वाचायच्या आत ‘येस’ दाबलेलं असतं. “रोजचंच आहे हो ते!” ही चौकट विंडोज व्हिस्टापासूनची. तिचा जाच इतका झाला की २००९ च्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचं येणं कमी केलं. अनोळखी प्रोग्राम असेल तर पट्टी पिवळी दिसते, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना रंग कोण बघतो?

धोक्याची साइट उघडताना येणारा ब्राउझरचा लाल इशारा अख्खं पानच अडवतो. परतीचं बटण ठळक, पुढची वाट ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मागे दडवलेली. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात क्रोम आणि फायरफॉक्समधले फसव्या साइटचे इशारे पाव हिस्सा किंवा त्याहून कमी वेळा ओलांडले गेले. प्रमाणपत्राच्या, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या मुदतीच्या डिजिटल दाखल्याच्या, इशाऱ्याचं मात्र वेगळं: क्रोममध्ये सुमारे ७० टक्के वेळा ओलांडला, फायरफॉक्समध्ये ३३. त्यात खोटा गजरही असतो. जुन्या पीसीतला घड्याळ चालवणारा सेल संपला, तारीख मागे गेली, की चांगल्या साइटवरही तसाच इशारा!

तरी माझं मत पानभर इशाऱ्यालाच. चौकट ठेवायचीच, तर दिवाणजींना संगणकावर अ‍ॅडमिनचे, म्हणजे बदल करण्याचे, अधिकार नसलेलं खातं द्या. मग ती ‘येस’ऐवजी पासवर्ड मागते, आणि पासवर्ड शेठजींकडे.