नालोक्सोन स्प्रे: औषध चोख, पण बाकी सगळं शिकवणाऱ्यावर

घरातलं कुणी गर्द, हेरॉइन, मॉर्फिन किंवा फेंटानिल घेत असेल, तर स्वयंसेवकांचे गट घरच्यांच्या हातात एक लहान खोकं देतात. त्यात ओव्हरडोसमध्ये मंदावलेला श्वास पुन्हा सुरू करणाऱ्या नालोक्सोन या औषधाचे दोन स्प्रे असतात, नाकात मारायचे, प्रत्येकी ४ मिलिग्रॅमचे. परीक्षण या खोक्याचं आहे आणि ते देताना जे शिकवलं जातं त्याचंही, कारण शिकवणीविना हे खोकं अर्धवट आहे.

आधी औषधाविषयी. नालोक्सोन नवं नाही. त्याचं पेटंट १९६१चं, अमेरिकेत मान्यता १९७१ची. नाकातला ४ मिलिग्रॅमचा स्प्रे तिथे २०१५मध्ये मंजूर झाला आणि २०२३पासून तो चिठ्ठीशिवाय मिळू लागला. ओव्हरडोस समोर घडण्याची शक्यता असलेल्या माणसांच्या हाती, म्हणजे घरच्यांच्या आणि मित्रांच्याही हाती, हे औषध असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्येच सांगितलं. अफूच्या जातीची नशा मेंदूत ज्या जागी जाऊन बसते, तिथून नालोक्सोन तिला हुसकावतं आणि मंदावलेला श्वास पुन्हा सुरू होतो. दोन-तीन मिनिटांत फरक दिसतो. ज्याने अशी नशा केलेलीच नाही त्याला मारलं तरी अपाय होत नाही, म्हणून शंका असली तरी मारायचंच. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा कोकेन यांच्यावर मात्र त्याचा उपयोग नाही. हल्ली नशा बहुधा मिसळीची असते, तेव्हा स्प्रे मारूनही माणूस गुंगीत राहू शकतो. श्वास नीट चालू असेल तर गुंगीला घाबरून आणखी स्प्रे मारत सुटू नये.

यंत्र म्हणून स्प्रे छान जमलाय. सुई नाही, जोडणी नाही. पाकीट फाडायचं, माणसाला उताणं ठेवून मानेखाली हात देऊन डोकं मागे झुकवायचं. स्प्रेच्या तळाच्या दट्ट्यावर अंगठा, नळीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं. बोटं नाकाला टेकेपर्यंत नळी आत घालायची आणि दट्ट्या एका दमात पूर्ण दाबायचा. औषध असतं अवघं ०.१ मिलिलिटर, आणि चूक होते ती इथेच. परफ्यूमच्या बाटलीसारखं आधी हवेत मारून बघायची सगळ्यांना सवय असते. या स्प्रेत एकच मात्रा आहे. हवेत मारलात की संपला. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, पण घाबरलेला माणूस खोकं वाचत नाही. म्हणून चांगले गट मुदत संपलेला किंवा रिकामा स्प्रे प्रत्येकाच्या हातात देऊन दट्ट्या खरोखर दाबून घेतात. नुसतं चित्र दाखवून पाठवणाऱ्या गटाला आम्ही अर्धेच गुण देऊ.

खोक्यातल्या कागदाची खरी उणीव म्हणजे श्वासाचा भाग आटोपता घेतलेला असतो. ओव्हरडोसमध्ये माणूस दगावतो तो श्वास थांबल्याने. आधी खांद्याला हलवून मोठ्याने हाक मारायची. उत्तर नाही, तर मुठीच्या पेरांनी छातीचं मधलं हाड जोरात चोळायचं. तरीही हालचाल नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा घशातून घोरल्यासारखी घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर आपत्कालीन सेवेला फोन करायचा आणि स्प्रे मारायचा. ओठ निळे पडतात असं सगळे सांगतात, पण सावळ्या कातडीवर तो निळेपणा दिसत नाही. खालचा ओठ उलटून आतला रंग पाहावा, नखं पाहावीत, राखाडी झाक दिसते. गाढ झोपेतलं घोरणं समजून माणसाला तसंच पडू देणं ही घराघरांत होणारी चूक आहे. "दमलाय, झोपू दे" हे वाक्य स्वयंसेवकांनी शिकवणीत मुद्दाम बोलून दाखवावं आणि त्याचं उत्तरही सांगावं: आधी हाक मारून उठवून बघा.

स्प्रे मारल्यावर ती दोन-तीन मिनिटं हातावर हात धरून बसायचं नाही. नाक चिमटीत दाबून तोंडाने दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास द्यायचा आणि प्रत्येक श्वासाला छाती वर येते का ते बघायचं. येत नसेल तर डोकं आणखी मागे करायचं. फरक पडला नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास स्वतःहून चालू झाला की एका कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा दुमडून, वरचा हात गालाखाली. उलटी झाली तर ती घशात अडकू नये, यासाठी.

मग येतो सगळ्यात फसवा टप्पा. माणूस जागा होतो, बहुतेकदा चिडलेला, घामाघूम, उलट्या करत. एका झटक्यात टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागलेली असते आणि तो उठून निघायला बघतो. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण नालोक्सोनचा अंमल ३० ते ९० मिनिटांचा आणि नशा अंगात त्याहून जास्त वेळ राहू शकते. मेथाडोन हे अफूच्याच जातीचं औषध तर दिवसभरही राहतं. औषध ओसरलं की श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून निदान दोन तास सोबत कुणीतरी हवं, आणि टर्की घालवायला त्याने पुन्हा काही घेऊ नये याच्यावर लक्ष हवं. दवाखान्यात नेलं तर उत्तमच. खोक्याच्या दर्शनी बाजूवर ही सूचना सगळ्यात ठळक असायला हवी होती.

८ मिलिग्रॅमचाही स्प्रे निघालाय आणि जास्त म्हणजे चांगला असा समज आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांनी वापरलेल्या दोन्ही मात्रांची तुलना २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. वाचणाऱ्यांच्या प्रमाणात फरक नव्हता, उलट्या आणि टर्कीची बाकी लक्षणं ८ मिलिग्रॅमला जास्त होती. आमची पसंती ४ मिलिग्रॅमलाच. जिथे स्प्रे मिळत नाही तिथे ०.४ मिलिग्रॅमचं स्नायूत द्यायचं इंजेक्शन तेवढंच भरवशाचं आहे, फक्त सराव जास्त लागतो.

ठेवायचं कुठे? कुलपाच्या कपाटात नाही. घरातल्या प्रत्येकाला, व्यसन असलेल्यालाही, जागा ठाऊक हवी. उन्हात तापणाऱ्या गाडीत नको, फ्रीझरमध्ये नको. मुदत संपली तर बदलून घ्यावं, पण ऐनवेळी हाताशी तोच असेल तर तोच वापरावा.

आता देणाऱ्यांविषयी. गट कसा आहे हे ओळखायचं तर एकच गोष्ट विचारावी: व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून माणूस घरी आल्यावर पहिले दोन आठवडे तुम्ही काय करता? अंगाची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा घेतली की ती जिवावर बेतते. जो गट त्या काळात एक दिवसाआड फोन करतो, घरच्यांबरोबर स्प्रेची उजळणी करतो, त्याला कामाची जाण आहे. "आता तो सुधारला, खोकं परत द्या" म्हणणाऱ्या गटाला नाही.

घरच्यांशी बोलायची रीतही बघावी. दरडावून, सगळ्या नातेवाइकांसमोर बसवून कबुली घेण्यापेक्षा क्राफ्ट (CRAFT) नावाची पद्धत कितीतरी सरस आहे. ती रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केली. शुद्धीत असताना जवळ बसायचं, नशेत असताना वाद न घालता बाजूला व्हायचं, उपचारांचं बोलणं योग्य क्षणी काढायचं, हे घरच्यांना सरावाने शिकवलं जातं. दारूच्या व्यसनावरच्या १९९९च्या अभ्यासात क्राफ्ट शिकलेल्या ६४ टक्के घरांतला माणूस उपचारांना तयार झाला, समोरासमोर बसवण्याच्या पद्धतीत ३० टक्के.

ज्यांचं माणूस गेलं त्यांची बैठक वेगळी हवी. ज्या आईचा मुलगा अजून नशेत आहे आणि जिचा गेला, त्या दोघींना एका वर्तुळात बसवलं की दोघीही गप्प होतात. गेलेल्याच्या घरी "स्प्रे वेळेवर मारला असता तर" हा शब्दही स्वयंसेवकाच्या तोंडून निघता कामा नये. घरभेटीला दोघांनी मिळून जावं, उसने पैसे देऊ नयेत, औषधांचे सल्ले डॉक्टरांवर सोडावेत आणि एका घरातलं दुसऱ्या घरात कधीही बोलू नये.

आणि वापरलेल्या स्प्रेच्या जागी नवा देताना कोण, कधी, का असं खोदून विचारणारा गट असेल तर दुसरा शोधा. त्या चौकशीला घाबरून लोक नवा स्प्रे मागायलाच येत नाहीत, आणि पुढच्या वेळी खोकं रिकामं निघतं.