ग्वाल्हेरच्या कोहऱ्यात सोलर कॅमेरा : घर बंद करून जाणाऱ्यांसाठी

सिमकार्डावर चालणारा, सोबत छोटं सोलर पॅनल असलेला कॅमेरा मी गेल्या वर्षी ग्वाल्हेरच्या मेळ्यातून, म्हणजे इथल्या थंडीतल्या व्यापारी जत्रेतून घेतला. साडेचार हजारांच्या आत मिळाला. घेण्याचं कारण सरळ होतं. डिसेंबरातला तानसेन संगीत समारोह आटोपला की आम्ही दोघं लेकीकडे पुण्याला जातो, ते संक्रांत करूनच परततो. जनकगंजातलं आमचं दगडी घर सासऱ्यांच्या वेळचं, वायरिंगही बरीचशी तेव्हाचीच, म्हणून निघताना मी मेन पाडते. मेन पडला की राउटर बंद आणि राउटरवरचा कॅमेराही बंद. ज्याला ना घरची वीज लागते ना वाय-फाय, असा कॅमेरा मला हवा होता.

स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, "आंटीजी, एकदा लावला की चार्जिंगचं नावच नको." उन्हाळ्यात ते शब्दशः खरं ठरलं. मे महिन्यातल्या लाही लाही उन्हातही कॅमेरा बंद पडला नाही, बॅटरी कायम नव्वदच्या वर. पावसाळ्यातही तक्रार नव्हती. पण आमच्यासारखे लोक घर बंद करतात ते डिसेंबर-जानेवारीत, आणि नेमके तेच दिवस ग्वाल्हेरला कोहऱ्याचे, म्हणजे दाट धुक्याचे. या कॅमेऱ्याची परीक्षा तेव्हाच घ्यायला हवी.

ग्वाल्हेर साधारण 26 अंश अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या आसपास ऐन मध्यान्हीलाही सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर येतो. आमच्या दक्षिणेला शेजाऱ्यांनी तीन मजले चढवलेत, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसभर तापणारी गच्चीची भिंत थंडीत दुपारपर्यंत सावलीतच असते. त्यात कोहरा आला की दिवसचे दिवस सूर्य म्हणजे आभाळातला एक पांढरा डाग. पॅनल तेवढ्यावर काय भरणार? बॅटरी नव्वदवरून चाळिशीत येताना मी पुण्यात बसून पाहिली आहे.

बॅटरीचा खर्चही थंडीतच वाढतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हा कॅमेरा एरवी झोपलेला असतो. समोरून उबदार शरीर हललं की त्याचा सेन्सर ती उष्णता ओळखतो, मग तो जागा होऊन चित्रण करतो. मे महिन्यात भिंत, हवा, माणूस सगळंच तापलेलं, म्हणून फरक कमी आणि सेन्सर मंद. जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर असताना मांजरसुद्धा त्याला लांबून कळतं. गल्लीतली कुत्री, गच्चीवरची माकडं, सगळ्यांसाठी तो उठतो, आणि प्रत्येक उठण्याला बॅटरी लागते. आवक कमी आणि खर्च दुप्पट.

रात्रीचं चित्र हा आणखी एक मुद्दा. अंधारात हा कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. उघड्यावर कोहरा असेल तर तो प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून थेट भिंगात परततो आणि पडद्यावर नुसती पांढरी भिंत दिसते. गाडीचा हेडलाइट अप्परवर टाकला की रस्ता दिसेनासा होतो, अगदी तसं. गच्चीवर, रस्त्याकडे तोंड करून लावलेला असा कॅमेरा कोहऱ्याच्या रात्री निरुपयोगी आहे, हे मी ठामपणे सांगते.

आता तो आमच्या देवडीत आहे. वर छत, तिन्ही बाजूंनी भिंती, तोंड आतून मुख्य दाराकडे. तिथे कोहरा फारसा शिरत नाही, त्यामुळे रात्रीही आलेल्याचा चेहरा ओळखू येतो, आणि कुत्री-माकडं येत नाहीत म्हणून बॅटरी टिकते. पॅनल मात्र गच्चीच्या कठड्यावर, शेजाऱ्यांची सावली चुकेल अशा कोपऱ्यात, दक्षिणेकडे तोंड करून चांगलं उभं कललेलं. उन्हाळ्यातला आडवा कल थंडीत चालत नाही. वायर पुरत नव्हती, लोहिया बाजारातून जोडवायर आणली. सेन्सर 'कमी'वर आणि क्लिप दहा सेकंदांची केली. एवढं केल्यावर गेल्या थंडीत तो आम्ही परत येईपर्यंत चालला. दगडी भिंतीआड सिमची रेंज पडते, म्हणून भोक पाडण्याआधी फोन हातात धरून दांड्या मोजाव्यात.

फोनवरून कॅमेऱ्यातून बोलायची सोय मात्र मनापासून आवडली. पुण्यात दुपारी वरण-भात वाढत होते आणि फोन वाजला. दारात सिलेंडरवाला. मी तिथूनच म्हटलं, "भैया, संक्रांतीनंतर आणा, आम्ही बाहेर आहोत." तो बिचारा आवाज कुठून येतोय ते शोधत राहिला. मग शेजारच्या भाभींनी खिडकीतून त्याला सांगितलं. पण हे ऐकून घर बंद असल्याचं प्रत्येकाला कळावं हेही बरं नाही. आता मी "नंतर या" एवढंच म्हणते.

कॅमेरा दार बघतो, घर नाही बघत. घराची काळजी निघण्याआधीच घ्यावी लागते, आणि तिथे इन्व्हर्टर लोक हमखास विसरतात. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो इमानेइतबारे घराला वीज पुरवत बसतो. एखादा दिवा चालू राहिला असेल तर बॅटरी पार उतरते, आणि उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी तशीच पडून राहिली की खराब होते. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची, रात्रभर पूर्ण चार्ज होऊ द्यायची, मग इन्व्हर्टर त्याच्या बटणावरून बंद, आणि शेवटी मेन. क्रम हाच.

पाण्याचंही तसंच. तिघरा धरणाचं पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे उघडा राहिलेला नळ कोरडा असताना कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी आलं की चौकात तळं. आम्ही गच्चीवरच्या टाकीचा खालचा वॉल्व आणि हौदाकडे येणारा नळ दोन्ही बंद करतो. मोरीच्या जाळीत शेवटचा तांब्याभर पाणी ओततो, नाहीतर आतलं पाणी सुकून घरभर वास आणि झुरळं. फ्रिज रिकामा, पुसून, दारात घडी घातलेला टॉवेल. सिलेंडरचा रेग्युलेटर काढून टोपी. दूध आणि पेपर बंद. किल्ली भाभींकडे, कारण कॅमेऱ्यात कुणी दिसलं तर प्रत्यक्ष जाणारं माणूस लागतंच.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. चित्रण आतल्या मेमरी कार्डावर राहतं, म्हणजे कॅमेराच उचलून नेला तर पुरावाही गेला. क्लाऊड हवं तर दरमहा पैसे वेगळे. दुसरी, तो जागा होईपर्यंत एक-दोन सेकंद जातात, त्यामुळे झपाट्याने निघून गेलेल्या माणसाची पाठच दिसते. डेटा फारसा लागत नाही, पण करमत नाही म्हणून तासभर रिकामं दार बघत बसलात तर चार-पाचशे एमबी सहज जातात आणि बॅटरीही. सिमची मुदत प्रवासाच्या मधेच संपणार नाही असं रिचार्ज आधीच करावं.

देवडी किंवा झाकलेला पोर्च असेल तर पाचपैकी चार गुण. फ्लॅटवाल्यांना मी हा घ्या म्हणणार नाही. तिथे दाराशी ऊन नसतं, आणि मेन चालू ठेवला तर इन्व्हर्टरवर ठेवलेला राउटर व साधा वाय-फाय कॅमेरा निम्म्या पैशांत तेच काम करतो. मेळ्यातून घेणार असाल तर स्टॉलवर तीन गोष्टी विचारा : बॅटरी किती एमएएच (म्हणजे किती साठवते), पॅनलची वायर किती लांब, आणि पॅनल कॅमेऱ्यापासून वेगळं लावता येतं का. काही मॉडेलांत ते डोक्यावरच पक्कं जोडलेलं असतं. तसला ग्वाल्हेरसाठी घेऊ नका.