जळगावच्या नर्सरीतला ‘सोबती झाडं’ किट : रोपं झकास, माहितीपत्रक भंगार

जूनमध्ये हायवेलगतच्या एका नर्सरीतून गच्चीवरच्या बागेसाठी ‘सोबती झाडं’ (एकमेकांना मदत करतील म्हणून शेजारी-शेजारी लावायची झाडं) नावाचा किट घेतला, ६५० रुपये. नर्सरीचं नाव मुद्दाम टाकत नाही, माणसं चांगली आहेत बिचारी. आत चार ग्रो बॅग, भरताच्या वांग्याची आठ रोपं, झेंडू-चवळी-शेपूच्या बियांची पाकिटं आणि एक चकचकीत माहितीपत्रक. रिव्ह्यू आत्ता जानेवारीत लिहितेय कारण झाडं उपटून मुळं बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, नाहीतर सगळे ‘पॅकिंग मस्त’ लिहून मोकळे होतात.

रोपांना पैकीच्या पैकी मार्क. वांगं आपलं अस्सल, हिरवं, पांढुरक्या छटेचं, २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेच. एक रोप मेलं तर काही कटकट न करता बदलून दिलं.

आता माहितीपत्रक. त्यात लिहिलंय ‘उन्हाळ्यात भरपूर कडक ऊन द्या’. अहो, मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो, गच्चीवर चप्पल काढून उभं राहवत नाही! सरळ कुठून तरी परदेशातलं उचललंय. दुसरं, ‘वांग्याशेजारी झेंडूचं एक रोप लावा, सूत्रकृमी पळतील’ (सूत्रकृमी म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत, मुळांवर गाठी आणतात ते). माझी माती जुनीच होती, मागच्या वर्षीच्या वांग्यांची मुळं गाठींनी भरलेली निघाली होती, म्हणून प्रयोग केला. दोन बॅगांत आधी दोन महिने नुसता झेंडू दाट लावला, मग तो कापून मुळं तशीच मातीत ठेवली आणि ऑगस्टमध्ये वांगी लावली (उरलेली रोपं तोवर छोट्या पिशव्यांत जगवली). तिसऱ्या बॅगेत पत्रकाप्रमाणे वांगं आणि शेजारी एकच झेंडू. परवा उपटून बघितलं तर तिसऱ्यात मुळांवर आल्याच्या कंदासारख्या गाठीच गाठी, पहिल्या दोघांत शोधाव्या लागल्या. तीन बॅगांवरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण कारण पटण्यासारखं आहे, झेंडूच्या मुळांत जे रसायन असतं ते मुळं जिथपर्यंत पोचतात तिथेच काम करतं. म्हंजे झेंडू आधी हवा आणि दाट हवा, शोभेला एक लावून भागत नाही. हे एक वाक्य पत्रकात असतं तर किट वसूल होता.

चवळीची तर गंमतच झाली. चौथ्या बॅगेत वांग्याखाली ती लावली आणि सप्टेंबरात तिचे शेंडे काळ्या माव्याने (रस शोषणारी बारीक कीड) नुसते लडबडले, मुंग्या वेगळ्या. मी उपटायलाच निघाले होते तर सासूबाई (अमळनेरकडच्या, जन्म कपाशीच्या शेतात गेलेला) म्हणाल्या, “कसाले उपटस वं, राहू दे ना!” राहू दिली. आठ-दहा दिवसांत ढालकिडे आले, म्हणजे लेडीबर्ड, आणि त्यांच्या अळ्या, काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, छोट्या मगरीच जशा, त्यांनी मावा चाटून साफ केला आणि मग वांग्यावर उतरल्या. चवळीवरचा तो काळा मावा बहुतेक शेंगांच्या पिकांवरच राहतो, वांग्याला त्याचा त्रास नाही. आमच्याकडे कपाशीच्या कडेने चवळी, मका, झेंडू टाकतात ते यासाठीच. सासूबाईंना हे सगळं आधीच माहीत होतं, ६५० रुपये मी दिले.

पत्रक म्हणतं चवळी शेजारच्या झाडाला लगेच नत्र (नायट्रोजन) देते. लगेच वगैरे काही नाही हो. ती नत्र आधी स्वतःसाठीच साठवते, जमिनीला मिळतं ते मुख्यतः ती कापून मातीत कुजवल्यावर. आणि चवळीच्या मुळांवरच्या गाठी बघून घाबरू नका, त्या सूत्रकृमीच्या नाहीत. नखाने सहज सुटतात आणि फोडली की आत गुलाबी दिसतं, सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते सुटत नाही. मी पहिली चवळी या गैरसमजातच फेकून दिली.

शेपू फुलावर येऊ दिला, त्यावर बारीक माश्या-गांधीलमाश्या भरपूर आल्या, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

तक्रार मोठी एकच. काउंटरवरचा पोरगा छातीठोक म्हणाला होता, “ताई, झेंडू लावला की अळी येतच नाही.” आली की! शेंडे आणि फळं पोखरणारी अळी, तीन झाडांचे शेंडे माना टाकून बसले. शेवटी कोमेजलेले शेंडे रोज कापून पिशवीत बांधून टाकले आणि कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारा) वेगळा विकत आणला, तेव्हा कुठे निम्मी वांगी वाचली. वाचली त्यांचं भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजून कळण्याच्या भाकरीबरोबर झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

५ पैकी ३. किट घेऊ नका, वांग्याची रोपं सुटी घ्या, झेंडूचं बी दसऱ्याच्या हारातली फुलं वाळवून फुकट मिळतं. रविवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा नसते.