द्रवरूप रायझोबियम: सोयाबीनच्या बीजप्रक्रियेसाठी भुकटीपेक्षा सरस

या खरिपात घरच्या सोयाबीन बियाण्याला पेरणीपूर्वी द्रवरूप रायझोबियम संवर्धक (मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचे खत) लावले आणि तुलनेसाठी थोड्या बियाण्याला लिग्नाइटच्या भुकटीतील पारंपरिक पाकीट वापरले. काही ओळी दोन्हींशिवाय पेरल्या. त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी बाटलीत नेमके काय विकत मिळते, ते पाहू. सोयाबीनचा दाणा वरून कितीही स्वच्छ दिसला, तरी त्याच्या टरफलावर आणि आतही बॅसिलस, पॅन्टोइया, स्यूडोमोनास अशा गटांतले जिवाणू असतात. त्यांतले काही रोपाला मदत करतात, तर जिवाणूजन्य करपा किंवा पुरळ आणणारे काही बियाण्याबरोबरच नव्या शेतात जातात. मात्र मुळांवर गाठी करून हवेतील नत्र स्थिर करणारा, रायझोबियम या नावाने बाटलीत मिळणारा ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू सहसा बियाण्यातून वारशाने येत नाही. तो जमिनीत असावा लागतो, नाहीतर बाहेरून द्यावा लागतो. म्हणूनच सोयाबीन पहिल्यांदाच घेतल्या जाणाऱ्या जमिनीत या संवर्धकाला पर्याय नाही, असे माझे मत आहे.

खत नियंत्रण आदेशातील निकषांनुसार द्रवरूप संवर्धकात प्रति मिलिलिटर किमान 10 कोटी आणि भुकटीत प्रति ग्रॅम किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. किलोला 10 मिलि द्रव किंवा 25 ग्रॅम भुकटी या शिफारशीने हिशेब केला, तर दोन्हींत एकेका दाण्याच्या वाट्याला साधारण लाखभर पेशी येतात. म्हणजे कागदावर दोन्ही सारखेच आहेत. फरक पडतो तो पेशी पेरणीपर्यंत जिवंत राहतात का आणि लावताना बियाण्याचे काय होते, यात.

सोयाबीनचे टरफल अतिशय पातळ असते. भुकटीसाठी गुळाचे पाणी उकळून, थंड करून त्यात पाकीट कालवावे लागते आणि ते बियाण्याला चोळावे लागते. त्यात पाणी किंचित जरी जास्त झाले तरी दाणे फुगतात, टरफल सुरकुतते आणि हात जोराने फिरला की सोलूनही निघते. अशा दाण्यांची उगवण हमखास घटते. द्रवरूप संवर्धकाच्या बाबतीत हा त्रास जवळपास नाही. ताडपत्रीवर बियाणे पसरून वरून द्रव शिंपडला आणि ताडपत्रीची टोके आळीपाळीने उचलून दाणे हलवले, की सगळीकडे पातळ थर बसतो. सावलीत वाळवल्यानंतर दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे पेरणीयंत्रातून सरळ पडतात. भुकटी लावलेल्या बियाण्याने मात्र नळीत दोनदा अडथळा केला. केवळ या एका कारणासाठीही मी द्रवरूपच घेईन.

पेरणीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी, फुले लागण्याच्या सुमारास, तिन्ही ठिकाणची झाडे कुदळीने मातीसकट काढली. झाड नुसते ओढले तर गाठी जमिनीतच तुटून राहतात. संवर्धकाशिवाय पेरलेल्या झाडांनाही गाठी होत्या, कारण या शेतात बरीच वर्षे सोयाबीन आहे. पण त्या बाजूच्या मुळ्यांवर विखुरलेल्या होत्या. द्रव लावलेल्या झाडांत सोटमुळाच्या वरच्या भागावरच मोठ्या गाठींचा घोस होता, म्हणजे बियाण्यावरच्या जिवाणूंनी अगदी सुरुवातीलाच मुळात शिरकाव केल्याचे ते लक्षण. नखाने फोडल्यावर आतून गर्द गुलाबी रंग दिसला. हा गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा रंग असून तो दिसला तर गाठ काम करते आहे असे समजावे. पांढऱ्या किंवा हिरवट गाठी निरुपयोगी. भुकटीच्या ओळींत गाठी होत्या, पण घोस लहान होता. जमिनीत आधीच जिवाणू असलेल्या अशा शेतात उत्पादन एकदम वाढेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. पेरणीच्या वेळी युरिया भरपूर टाकला, तर गाठी धरणेच मंदावते आणि बाटलीचे पैसे वाया जातात.

या द्रवरूप बाटलीबद्दल तक्रारीही आहेत. लेबलवरची अक्षरे फार बारीक आहेत, आणि आतील जिवाणूचा वाण कोणता याचा उल्लेख नाही. बुरशीनाशक आधी लावावे, ते वाळू द्यावे आणि जिवाणू अगदी शेवटी, पेरणीच्या थोडे आधी लावावेत, हा महत्त्वाचा क्रम सूचनांच्या शेवटच्या ओळीत दडवला आहे. भुकटीचे पाकीट ज्या कृषी सेवा केंद्रातून घेतले, तिथे ती पाकिटे खिडकीतल्या उन्हात कीटकनाशकांच्या खोक्यांवर रचलेली होती आणि आतील भुकटी कोरडी ढेकळे झालेली निघाली. सजीव माल असा ठेवणाऱ्या दुकानातून स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. भुकटीची कमी कामगिरी कितपत तिची स्वतःची आणि कितपत त्या खिडकीची, हे सांगणे त्यामुळे कठीण आहे.

एकरी 30 किलो बियाण्याला 300 मिलि द्रव पुरतो आणि त्याचा खर्च युरियाच्या एका पोत्यापेक्षा कमी आला. लागेल तेवढीच बाटली घ्यावी आणि उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावी. उरलेला द्रव रब्बीत हरभऱ्याला वापरण्याचा सल्ला विक्रेत्याने दिला, तरी तो ऐकू नये: हरभऱ्याच्या मुळांवर मेसोरायझोबियम हा वेगळा जिवाणू गाठी करतो, त्यामुळे त्याचे संवर्धक वेगळे घ्यावे लागते.