विंचेस्टर १९०७ की रेमिंग्टन मॉडेल ८? जुनी ऑटोलोडर घेताय तर

परवा एका मित्राचा फोन, की डिअर सीझनसाठी जुनी ऑटोलोडर (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल) घ्यायचीय, विंचेस्टर १९०७ बघू की रेमिंग्टन मॉडेल ८. सांगता सांगता पाऊण तास गेला, शेवटी बायको म्हणाली एवढं बोलतोयस तर लिहूनच का काढत नाहीस, म्हणून हा उद्योग. दोन्ही रायफली मी वापरल्यात, आधी १९०७ आणि मग मॉडेल ८. राहतो अमेरिकेत, विस्कॉन्सिनात, शिकार शिकलो ती इथेच, चाळिशीत (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला), त्यामुळे मी काही जाणकार वगैरे नाही, हे आधीच सांगतो.

ज्यांना फक्त चालणारी रायफल हवीय त्यांनी सरळ बाराच्याच गॅसवर चालणारी घ्यावी, १९६७ पासूनची ब्राउनिंग बीएआर किंवा त्यानंतरचं काहीही, आणि इथेच वाचन थांबवावं. हे आमच्यासारख्या जुन्या लोखंडाची खोड असलेल्यांसाठी आहे.

या दोघी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या का, ते कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. बंदुकांचा डिझायनर जॉन ब्राउनिंग आणि विंचेस्टर कंपनी यांचं जवळजवळ वीस वर्षं छान चाललं होतं, तो डिझाइन करायचा आणि ते एकरकमी विकत घ्यायचे. मग त्याची ऑटोमॅटिक शॉटगन आली आणि तो म्हणाला यावेळी रॉयल्टी पाहिजे, विंचेस्टरचा प्रमुख बेनेटने नाही म्हटलं, संपलं. १९०२ च्या जानेवारीत ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला तर तो बाहेर बसलेला असतानाच त्यांचे प्रमुख हार्टली हार्ट अटॅकने गेले, म्हणून शॉटगन घेऊन तो बेल्जियमला एफएन या बंदूक कंपनीकडे गेला. पण त्याची रायफल, जिचं पेटंट १९०० चं, ती पुढे रेमिंग्टननेच १९०६ मध्ये बाजारात आणली. मॉडेल ८ हे नाव तिला १९११ मध्ये मिळालं.

इकडे विंचेस्टरकडे डिझायनर उरला टी. सी. जॉन्सन. त्याने ऑटोलोडरसाठी सगळ्यात साधा मार्ग धरला, ब्लोबॅक. म्हणजे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी तुकडा) कशातच लॉक होत नाही, तो नुसता स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने काडतूस धरून ठेवतो. कागदावर एकदम सुटसुटीत, पण काडतुसाचा जोर वाढला की बोल्टचं वजनही वाढवावं लागतं. १९०५ चं मॉडेल जरा लेचंपेचं होतं, मग १९०७ आलं .३५१ कॅलिबरमध्ये (म्हणजे काडतुसाच्या मापात), मग १९१० आलं .४०१ मध्ये, आणि ते आणखी जड. हे वजन लपवलंय कुठे, तर नळीखालच्या पुढच्या लाकडात, बोल्टला जोडलेला लोखंडाचा ठोकळाच आहे तो, आणि प्रत्येक बाराला मागे-पुढे पळतो. त्यामुळे १९०७ हातात घेतली की तोंडाकडे झुकते, पाटावर बसवलेल्या लहान पोरासारखी. खांद्यावरून तासभर नेली की कळतं.

मॉडेल ८ मध्ये बोल्ट नळीला लॉक होतो आणि बार झाल्यावर दोघं मिळून पार मागपर्यंत येतात, मग नळी एकटी पुढे जाते, पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) उडते, आणि मागून बोल्ट नवीन काडतूस घेऊन येतो. नळीवर जी जाडजूड दुसरी नळी दिसते ती नुसतं आवरण, खरी नळी आत सरकते. वापरताना हे कसं वाटतं, तर आधी खांद्याला एक धक्का, पाठोपाठ आणखी एक, आणि लाल डब्याचं दार आपटल्यासारखा खडाक-खडाक आवाज. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी तुटलं. सवय होते हो.

आता खरं सांगायचं ते. १९०७ मला आवडायची, आजही आवडते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढता येतं, त्यामुळे गाडीत बसताना रायफल दोन सेकंदात रिकामी, मॉडेल ८ मध्ये तसं नाही, तिचं मॅगझिन फिक्स, वरून एकेक काडतूस दाबायचं आणि काढायचं तरी एकेक. सेफ्टीही १९०७ ची गुपचूप बटणवाली. मॉडेल ८ चा उजव्या बाजूचा तो लांब खटका थंडीत असा वाजतो की हरणाने मान वर केलीच म्हणून समजा.

पण .३५१ चं काडतूस बनवणं मोठ्या कंपन्यांनी केव्हाच सोडलं. छोट्या ठिकाणाहून मागवायचं तर खिसा दुखतो, म्हणून बहुतेक जण स्वतः भरतात, मीही भरायचो. भरायचं तर रिकामी पुंगळी परत हवी. आणि ब्लोबॅकवाली ही बाई पुंगळी जी भिरकावते ती कुठे जाईल सांगता येत नाही. दुसऱ्या सीझनला सकाळी सातच्या सुमारास मादी पडली, सत्तर यार्डांवर, दोन बार, आणि तिच्याकडे जायचं सोडून मी भगव्या जॅकेटमध्ये गुडघ्यावर बसून बर्फात भोकं शोधतोय. हो, भोकं. गरम पुंगळी बर्फात पडली की वितळवत आत जाते आणि वर बोटाएवढं भोक उरतं, तेच शोधायचं. तशी भोकं उंदरांचीही असतात. वीस मिनिटांत एक सापडली, दुसरी अजून तिथेच आहे. सोबतचा म्हातारा झाडाला टेकून कॉफी पीत बघत होता, म्हणाला, हरीण बघायला आलायस की पितळ?

त्याच हिवाळ्यात मॉडेल ८ घेतली, .३५ रेमिंग्टनमध्ये. १९०६ चंच काडतूस, पण आजही नवीन मिळतं, दर दुकानात नाही पण उन्हाळ्यात दोन डबे घेऊन ठेवले की सीझन निघतो. पुंगळी हीसुद्धा उडवते, पण मी शोधत नाही म्हणजे जीव टाकून शोधत नाही, दिसली तर खिशात. शेवटचं काडतूस संपलं की बोल्ट उघडा राहतो, बधिर बोटांना तेही बरं वाटतं. जाता जाता, १९३४ मध्ये बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीला गाठलं तेव्हा टेक्सासचा पोलिसवाला फ्रँक हॅमर मॉडेल ८ घेऊन बसला होता, हे सांगितलं की रेंजवर दोन लोक हमखास बघायला येतात.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. घरीच काडतुसं भरायचा छंद असेल आणि बार बहुतेक रेंजवरच टाकणार असाल, जिथे खाली सिमेंट आहे, तर १९०७ मजेची आहे, मी माझी त्याच कामाला ठेवलीय. जंगलात न्यायची तर मला तरी मॉडेल ८ किंवा तिचीच १९३६ नंतरची आवृत्ती मॉडेल ८१ बरी वाटते. फक्त घेताना नळीवरचं कॅलिबर दोनदा वाचा, .२५, .३० आणि .३२ रेमिंग्टनमध्येही निघाल्यात आणि त्या स्वस्त का मिळतात ते .३५१ च्या रडगाण्यावरून आता तुम्हाला कळलं असेल. ८१ असेल तर .३०० सॅव्हेजही चालेल. आणि तरीही १९०७ वरच जीव जडला असेल तर पुढच्या लाकडाला चीर आहे का बघा, तो ठोकळा आतून आपटून आपटून लाकूड फोडतो, आतला धक्का झेलणारा बफर झिजला असेल तर जास्तच. आणि विकणाऱ्याला भावाच्या आधी हे विचारा की सोबत पुंगळ्या किती देतोस.