टॅक्रोलिमस कॅप्सूल: सात वर्षं रोज दोनदा घेऊन लिहिलेला रिव्ह्यू

दर दोनतीन महिन्यांनी कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने मला फोन येतो, ताई आमच्या भावाचं ट्रान्सप्लांट झालंय, ती टॅक्रोची गोळी कशी आहे, त्रास होतो का, गावाला राहून जमतं का. प्रत्येकाला तेच तेच सांगते म्हणून आज एकदा बसून नीट लिहून काढते. मी मालवणजवळ राहते, २०१८ च्या डिसेंबरात मुंबईला माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी आईची. तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ, टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. सोबत त्याच कामाच्या मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या गोळ्या पण आहेत, पण खरा आधार टॅक्रोचा.

लोकांना वाटतं आईची किडनी म्हणजे शरीर आपलीच मानेल, मलाही तसंच वाटायचं. पण आईच्या आणि माझ्या पेशींवरच्या खुणा अर्ध्याच जुळतात, बाकीच्या अर्ध्या बाबांकडून आल्यात, तेवढं परकेपण शरीराला पुरतं. पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी केलं ते जुळ्या भावांमध्ये, अगदी एकसारख्या जुळ्यांमध्ये, म्हणून तिथे शरीराने भांडण केलं नाही. बाकी सगळ्यांना भांडण आवरायला औषध लागतं, आणि हे भांडण नेमकं काय असतं ते पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याची कातडी लावून बघताना ओळखलं. परक्या माणसाची कातडी काही दिवसांनी गळायची आणि त्याच माणसाची परत लावली तर आणखी लवकर गळायची. म्हणजे शरीर लक्षात ठेवतं. माझ्या डॉक्टरांनी हे मला डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं आणि त्यानंतर गोळी चुकवायचं धाडस मला कधी झालं नाही.

टॅक्रो काय करतं तर परक्याशी लढणाऱ्या आपल्या टी पेशींच्या आत कॅल्सिन्युरिन म्हणून एक प्रथिन असतं त्याला अडवतं, मग त्या पेशी इतर पेशींना गोळा करायचा जो निरोप पाठवतात तो निघतच नाही. हे औषध १९८४ मध्ये जपानमध्ये सापडलं, त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीतल्या एका जिवाणूपासून, आणि नावातला पहिला ट त्या त्सुकुबाचाच. त्याच्या आधीचं याच कामाचं औषध सायक्लोस्पोरिन, तेसुद्धा मातीतूनच आलं, नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून. टॅक्रो पहिल्यांदा माणसांना दिलं ते १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या थॉमस स्टार्झल यांनी, लिव्हरच्या पेशंटना. मी हे सगळं वाचलं तेव्हा पावसाळा होता, परड्यात चिखल झालेला, आणि त्या चिखलाकडे मी बराच वेळ बघत बसले. कोणीतरी मूठभर माती पिशवीत भरून नेली, चिकाटीने तपासली, म्हणून आज मी जेवण करते, मुलाला शाळेत सोडते. मला त्या माणसांबद्दल फार वाटतं, त्यांना कधी भेटणार नाही तरी.

आता त्रास. हात थरथरतात, पहिल्या वर्षी तर सुईत दोरा ओवता येत नव्हता, आता डोस कमी झाला तसं बरंच कमी आहे. केस गळाले, सगळे नाही पण वेणी बारीक झाली. साखर वाढू शकते, माझी तिसऱ्या वर्षी वाढली आणि आता तिची पण गोळी आहे. डोकं दुखायचं ते पहिल्या दोनतीन महिन्यांत. गंमत नाही ही, पण डायलिसिसला आठवड्यातून तीनदा पहाटेची गाडी धरून जायचे ते दिवस मी विसरलेली नाही, त्यामुळे हे मला झेपतं.

वेळ पाळणं हीच खरी मेहनत. बारा तासांचं अंतर, आणि जेवणाशी नातं रोज एकच ठेवायचं, मी जेवणाआधी तासभर घेते. गावातल्या लग्नात, जत्रेत, गणपतीत आरती चालू असते आणि आठ वाजतात, तेव्हा मी सरळ उठून जाते, लोकांना आता सवय झालीय. आई लांबून ओरडते, गो, गोळी घेतलंस?

गणपतीवरून आठवलं, तोरंजन. म्हणजे पपनस. आपल्याकडे माटवीला बांधतात आणि विसर्जनानंतर सोलून वाटतात, ते ट्रान्सप्लांटवाल्यांनी अजिबात खायचं नाही, ग्रेपफ्रूटसारखंच ते टॅक्रोची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, वर नेतं. मुंबईच्या डाएटिशियनच्या कागदावर ग्रेपफ्रूट लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो आपल्याकडे ते कुठे मिळतं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. कालवं, तिसऱ्या, मासे सगळं खाते मी, पण पूर्ण शिजवून, अर्धंकच्चं काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०२१ ला मला खोकला झाला, तालुक्याच्या एका दवाखान्यात गेले, ट्रान्सप्लांट झालंय असं मी सांगितलं, तरी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं आणि मी विश्वासाने घेतलं. चार दिवसांत हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरवेना. लेव्हल केली तर दुपटीच्या वर, क्रिएटिनिनही (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) वाढलेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर डोस थांबवला, मग दोन आठवड्यांत सगळं जागेवर आलं, पण त्या दोन आठवड्यांत आई माझ्याशी नीट बोलू शकली नाही, नुसती बघत राहायची. हे औषध चांगलं आहे पण दुसऱ्या औषधांशी याचं पटत नाही हे नक्की समजून घ्या. अँटिबायोटिक असो, बुरशीवरची गोळी असो, टीबीचं औषध असो (ते उलट लेव्हल खाली पाडतं), आधी आपल्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन. अंगदुखीच्या गोळ्या तर मेडिकलमधून आपल्या मनाने घ्यायच्याच नाहीत, आयुर्वेदिक काढे पण नाहीत.

मिळण्याचं म्हणाल तर आमच्या नाक्यावरचा मेडिकलवाला महिना आधी सांगितलं की मागवून ठेवतो, चांगला माणूस आहे. एकदा स्टॉक नव्हता तर त्याने दुसऱ्या कंपनीचं तेच आहे म्हणून पुढे केलं, मी घेतलं नाही. कंपनी बदलायची तर डॉक्टरांना विचारून आणि नंतर लेव्हल करून, आपल्या आपण नाही. मी कायम पंधरा दिवसांच्या जास्तीच्या ठेवते कारण पावसात घाट बंद पडला, रेल्वे अडकली की कुरिअर येत नाही. गोळ्या फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण आपल्याकडची दमट हवा बघता मूळ पाकिटातून आधी काढून ठेवू नका, मी पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

खर्च महिन्याला पाच हजारांच्या पुढे जातो, बाकीच्या गोळ्या वेगळ्या. हे जड आहे. मासे विकून चालणाऱ्या घरात तर फारच जड. पाचपैकी एक तारा मी याच्यासाठीच कापते, औषधासाठी पूर्ण पाच.

आणि लेव्हल. सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, जांभळ्या टोपणाच्या बाटलीत, गोळी सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. माझं सॅम्पल इथून बाहेर जातं आणि रिपोर्टला दोनतीन दिवस लागतात, लेव्हल बिघडलेली असेल तर हे दिवस फार लांब वाटतात. सिंधुदुर्गात कोणी त्याच दिवशी टॅक्रो लेव्हल करून देत असेल तर खाली जरूर कळवा, माझ्यासाठी नाही तर कुडाळच्या एका पोराचं गेल्या महिन्यात ट्रान्सप्लांट झालंय, त्याला सध्या आठवड्याला करावी लागते.